पत्रा, सळई आणि राजूरचा पाऊस

अकोल्याहून भंडारदऱ्याला निघालं की वाटेत राजूर लागतं. पेढे घ्यायला गाड्या थांबतात. त्या पेठेतून जरा पुढे सरकलं की दुसराच माल नजरेत भरतो: फॅब्रिकेशनच्या दुकानांपुढे उभे केलेले चौकोनी पाइप, अँगल, चॅनेल, सळयांचे भारे आणि निळ्या-तांबड्या पत्र्यांची चळत. शेंडी, मुतखेल, रतनवाडीकडे गेलं की हाच माल घराघरांवर चढलेला दिसतो. एका पिढीपूर्वी ज्या वाडीत गवत आणि कौलं होती, तिथे आज पोलाद आहे.

हे बरं झालं की वाईट? पोलाद पुन्हा पुन्हा वितळवता येतं, म्हणून ते पर्यावरणाला सोसणारं, शाश्वत बांधकाम साहित्य आहे, असं सांगितलं जातं. ते खरं आहे. पण राजूरच्या पावसात ते किती खरं ठरतं, हे पत्रा कोणता घेतला, त्यावर जस्त किती, भोक कुठे पाडलं आणि पाणी कुठे साचलं यावर अवलंबून आहे. घर बांधणाऱ्याला उपयोगी पडेल अशा बेताने हा सगळा हिशोब इथे मांडतो आहे.

कारवीच्या कुडापासून पत्र्यापर्यंत

या डोंगरातलं जुनं घर म्हणजे लाकडाच्या मेढी, कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप आणि वर गवत. सगळं साहित्य हाताशी आणि फुकट. पण गवताचं छप्पर वर्षा-दोन वर्षांनी शाकारावं लागे. मग कौलं आली. कौलं पिढ्यानपिढ्या टिकतात, घर थंड ठेवतात. फक्त दर वैशाखात ती परतावी लागतात, आणि वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की पाच-पन्नास फुटतातच. परतायला माणसं कुठे आहेत? उन्हाळ्यात अर्धी वाडी नारायणगावकडे नाही तर संगमनेरकडे कामाला गेलेली असते.

दुसरं कारण जंगलाचं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. तुळया, वासे, आढं यांसाठी मोठं झाड तोडणं तेव्हापासून अवघड झालं, आणि व्हायलाच हवं होतं. एका चांगल्या कौलारू घराला लागणारं लाकूड आणि आजची गावांची संख्या यांचा मेळ घातला तर डोंगर उघडा पडेल. पाइपच्या कैच्या आणि पत्रा आल्यामुळे ती तोड थांबली, हे पोलादाचं श्रेय नाकारता येत नाही.

सह्याद्रीत याच्या उलटंही घडून गेलं आहे. महाबळेश्वरच्या बाजूला धावड लोक डोंगरातल्या लोहदगडापासून लहान भट्ट्यांमध्ये लोखंड गाळत. त्या भट्ट्यांना लागे लाकडाचा कोळसा, आणि कोळशासाठी रान तुटे. तेव्हा लोखंड जंगल खात होतं. आता ते जंगल वाचवतं, पण दुसरीकडे दगडी कोळसा खातं.

धूर कुठून येतो

खाणीतलं लोखंड ऑक्सिजनला घट्ट धरून असतं. तो ऑक्सिजन सोडवायचा तर त्याला लोखंडापेक्षा जास्त ओढणारं काहीतरी लागतं. झोतभट्टीत ते काम कोळशातला कार्बन करतो आणि दोघे मिळून कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यातून बाहेर पडतात. म्हणजे कारखाना कितीही नीटनेटका चालवला, तरी या पद्धतीत हा वायू निघणारच. जगातल्या कार्बन उत्सर्जनात पोलाद उद्योगाचा वाटा सात ते आठ टक्के धरला जातो.

जगाची सरासरी एक टन पोलादामागे साधारण १.९ टन कार्बन डायऑक्साइडची आहे. भारताची २.५ टनांच्या आसपास, कारण आपला उद्योग कोळशावर जास्त अवलंबून आहे. राजूरच्या दुकानातली १२ मिलिमीटरची, १२ मीटर लांबीची एक सळई साधारण १०.७ किलो भरते. देशाच्या सरासरीने त्या एका सळईमागे सत्तावीस किलो वायू हवेत गेलेला असतो.

केंद्राच्या पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या ठरवली. टनामागे उत्सर्जन २.२ टनांच्या आत असेल तर ते हरित. १.६ टनांच्या आत असेल तर पाच तारे, दोन टनांपर्यंत चार, त्यापुढे २.२ पर्यंत तीन. गावच्या दुकानात तारे बघून सळई घेण्याचा दिवस अजून आलेला नाही. पण सरकारी आश्रमशाळा, वसतिगृहं, पूल यांच्या निविदांमध्ये ही अट आली तर तो लवकर येईल. राजूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, तेव्हा अशा इमारतींची इथे वानवा नाही.

सळई जालन्याची, पत्रा खाणीतला

दुकानात शेजारी शेजारी पडलेल्या या दोन वस्तूंचा जन्म अगदी वेगळा आहे, आणि बहुतेकांना तो ठाऊक नसतो.

सळई बहुधा जालन्याची असते. जालना जिल्ह्यातही एक राजूर आहे, गणपतीचं. आपल्या राजूरला सळई येते ती त्या राजूरच्या जिल्ह्यातून. जालना बियाण्यांसाठी जसं प्रसिद्ध, तसंच सळयांसाठीही. तिथल्या कारखान्यांत भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळवतात. ही भट्टी विजेवर चालते. भट्टीभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यातून वीज सोडली की आतलं लोखंड आपोआप तापत जातं आणि सोळाशे अंशांच्या आसपास त्याचा रस होतो. टनाला साधारण सहाशे युनिट वीज लागते. आपल्याकडे एका युनिट विजेमागे सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे निव्वळ भंगारापासून केलेल्या सळईला वितळवण्याचा खर्च अर्ध्या टनाच्या आत बसतो. कुठे अडीच टन आणि कुठे अर्धा.

पण भट्टीत नुसतं भंगार जात नाही. भंगार पुरत नाही म्हणून स्पंज आयर्न मिसळतात, आणि आपल्याकडचं बरंचसं स्पंज आयर्न कोळशावर बनतं. जितकं ते जास्त, तितका हिशोब पुन्हा वर चढतो.

दुसरी अडचण गुणवत्तेची. इंडक्शन भट्टी वितळवते चांगलं, पण शुद्ध फारसं करत नाही. भंगारात जे आलं ते सळईत उतरतं. फॉस्फरस आणि गंधक जास्त राहिलं तर सळई ठिसूळ होते. मोटारीच्या वायरिंगचं तांबं भंगारात गेलं तर ते नंतर काढता येत नाही. म्हणून सळई घेताना भाव विचारण्याआधी तिच्यावर उठवलेली अक्षरं वाचावीत: कंपनीचं नाव, आयएस १७८६ चा मानकचिन्हासह उल्लेख आणि ग्रेड. एफई ५०० पेक्षा एफई ५०० डी चांगली. तुटण्याआधी एफई ५०० किमान १२ टक्के ताणली गेली पाहिजे, तर ५०० डी किमान १६ टक्के, आणि तिच्यात फॉस्फरस-गंधकाची मर्यादाही कडक आहे. वजनाचीही पडताळणी करता येते. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ८८९ ग्रॅम. मानकाप्रमाणे यात पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो. त्याहून हलकी असेल तर आपण पैसे १२ चे देऊन ११ ची सळई घरी नेतो आहोत.

पत्र्याची गोष्ट निराळी. पातळ, एकसारखा पत्रा लाटायला स्वच्छ पोलाद लागतं, म्हणून तो बहुधा खाणीतल्या लोखंडापासून मोठ्या एकात्मिक कारखान्यात बनतो. महाराष्ट्रात असा मोठा कारखाना पेण तालुक्यात डोलवीला आहे. पत्र्यावर जस्त चढवणारे कारखाने वासिंद, तारापूर, खोपोली, नागपूरजवळचं कळमेश्वर इथे आहेत. वासिंद म्हणजे शहापूर तालुका, घाटघरच्या कड्याखालचाच मुलूख. त्या पत्र्याचं आपल्यापर्यंतचं अंतर थोडं, पण त्याच्यामागचा कोळसा सळईपेक्षा जास्त. लोक सळई जपून वापरतात आणि पत्र्याबाबत बेफिकीर असतात. व्हायला हवं नेमकं उलट.

एक गोष्ट आपल्या दाराशीच आहे. घाटघरला उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे, १२५ मेगावॅटचे दोन संच. वीज शिल्लक असते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, मागणी वाढते तेव्हा ते खाली सोडून वीज करायची. सूर्याची वीज दुपारी भरपूर आणि रात्री शून्य, भट्टी मात्र रात्रीही पेटती ठेवावी लागते. स्वच्छ विजेवरची सळई पाहिजे असेल तर घाटघरसारख्या जागा आणखी लागतील.

एका घरकुलाचा हिशोब

आता हातचा हिशोब करू. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घरकुल किमान २५ चौरस मीटरचं असतं. भिंतींसकट स्लॅब २८ चौरस मीटर धरा, पाच इंच जाड. साडेतीन घनमीटर काँक्रीट झालं. वजन पावणेनऊ टन. त्यात साधारण २८ गोण्या सिमेंट आणि २८० किलो सळई. टनभर सिमेंटमागे सहाशे किलो आणि टनभर सळईमागे अडीच टन कार्बन डायऑक्साइड धरला तर स्लॅबचा आकडा दीड टनाच्या घरात जातो.

तेच घर पाइपच्या कैच्यांवर पत्र्याने झाकलं तर पत्रा १६० किलो, पाइप आणि अँगल १४० किलो. एकूण ३०० किलो, म्हणजे पाऊण टन कार्बन. निम्म्यावर आलं. पावणेनऊ टनांऐवजी तीनशे किलोचं छप्पर म्हणजे पायाही हलका, आणि मुतखेलच्या पुढच्या वाडीत वाळू-खडी-सिमेंट चढवायचा त्रासही नाही. हलक्या छपराचा आणखी एक फायदा मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन शिकवला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात माणसं मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड माती अंगावर कोसळून.

इथपर्यंत पत्रा जिंकला. आता चाळीस वर्षं पुढे जाऊ. पत्रा दर दहा वर्षांनी बदलावा लागला तर आणखी तीन वेळा १६० किलो, म्हणजे १.२ टन कार्बन वाढला. एकूण दोन टनांच्या जवळ. स्लॅबच्याही वर गेला. तोच पत्रा वीस वर्षं टिकला तर एकदाच बदलायचा, आणि आकडा सव्वा टनाच्या आत राहतो. हे सारे सरासरीचे अंदाज आहेत, आणि जुना पत्रा भंगारात जाऊन थोडं परत देतोच. तरी निकाल बदलत नाही. तोच कारखाना, तेच पोलाद. दहा वर्षांत कुजलं तर ते काँक्रीटपेक्षा वाईट आणि वीस वर्षं राहिलं तर बरंच चांगलं.

जस्ताचे आठ मायक्रॉन

पत्र्याचं आयुष्य ठरवतं ते त्याच्यावरचं जस्त. पत्र्याला नळ्या पाडायची युक्ती लंडनच्या हेन्री पामरने १८२९ साली काढली, पण उघडं लोखंड पावसात टिकेना. १८३७ साली स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच माणसाने लोखंडावर जस्त चढवण्याची पद्धत काढली. आजही तेच होतं. साडेचारशे अंशांच्या आसपास वितळलेल्या जस्तातून पत्रा काढतात.

जस्त नुसतं पांघरूण घालत नाही. पाणी आणि हवा मिळाली की लोखंडाआधी ते स्वतः झिजतं. पत्र्यावर बारीक ओरखडा पडला तरी कडेचं जस्त स्वतःला संपवून उघड्या लोखंडाला राखतं. म्हणून प्रश्न एवढाच की जस्त आहे किती.

बाजारात हे ‘जीएसएम’ मध्ये सांगतात: एका चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून किती ग्रॅम. १२० जीएसएम म्हणजे एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन. २७५ जीएसएम म्हणजे १९ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून कल्पना यावी. समुद्रापासून दूर, कारखाने नसलेल्या पण ओलसर हवेत जस्त वर्षाला अर्धा ते दीड मायक्रॉन झिजतं असं धरायला हरकत नाही. वर्षाला एक धरला तर १२० चा पत्रा आठ वर्षांत उघडा पडला, २७५ चा एकोणीस वर्षांत. त्यावर चांगला भाजलेला रंग असेल तर आणखी काही वर्षं मिळतात.

घाटघर-रतनवाडीला पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये पडतो, आणि तोच अकोल्याला पोचेपर्यंत कितीतरी पटींनी कमी होतो. एका तालुक्यात एवढा फरक क्वचित असेल. अकोल्यात पंधरा वर्षं चाललेला पत्रा रतनवाडीत तेवढाच चालेल असं धरून चालू नये. वर चार महिने धुकं, छपरावर शेवाळ, पत्रा वाळतच नाही. आमच्या घरावर घातलेला पत्रा नवव्या वर्षी पन्हाळीच्या बाजूने चाळणीसारखा झाला. घेताना आम्ही फक्त रंग आणि भाव विचारला होता. दुकानदाराने जीएसएम सांगितलं नाही आणि आम्हाला विचारायचं कळलं नाही.

जस्त आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाचा लेप असलेला पत्राही मिळतो. त्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३ टक्क्यांच्या थोडं वर जस्त आणि बाकी सिलिकॉन असतं. उघड्या पावसात तो साध्या जस्ती पत्र्यापेक्षा बराच जास्त टिकतो. गोठ्यावर मात्र घालू नये, कारण शेणमुताची वाफ ॲल्युमिनियमला सोसत नाही.

जाडीही काट्यावर तपासता येते. चार फूट रुंद सपाट पत्र्याला नळ्या पाडलेला दहा फुटी पत्रा ०.५ मिलिमीटरचा असेल तर साडेचौदा किलोच्या आसपास भरतो. दहा किलो भरला तर तो ०.३५ चा आहे, वर काहीही छापलेलं असो.

छपरावर चुकतं कुठे

चांगला पत्रा आणूनही तो लवकर जातो, याची कारणं बहुधा छपरावरच असतात.

पहिली चूक साठवणुकीची. पत्रे मेमध्ये आणायचे, अंगणात एकावर एक रचायचे आणि वळवाच्या सरीत भिजू द्यायचे. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी कोंडतं, हवा मिळत नाही, आणि जस्तावर पांढरी भुकटी येते. याला पांढरा गंज म्हणतात. घर बांधायच्या आधीच जस्ताची दोन-तीन वर्षं गेली. चळत एका बाजूने उचलून, तिरपी, झाकून ठेवली तर हे टळतं.

दुसरी चूक ग्राइंडरची. पत्रा छपरावर चढवून तिथेच कापतात. ठिणग्या बाजूच्या पत्र्यावर पडतात, रंग आणि जस्त जाळतात, आणि लोखंडाचा कीस तिथेच चिकटतो. पहिल्या पावसात त्या जागी तांबडे ठिपके उठतात. मालकाला वाटतं पत्राच वाईट निघाला. खाली, बाजूला, जमल्यास कात्रीने कापावं, आणि काम संपल्यावर छप्पर झाडून घ्यावं.

तिसरी भोकांची. स्क्रू नळीच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही, कारण पाणी खोलगटातून वाहतं. वायसर चांगल्या रबराचा पाहिजे, आणि तो चेंगरेपर्यंत आवळायचा नाही. घाटाच्या तोंडावरच्या वाड्यांमध्ये वारा छप्पर खालून उचलतो. तिथे कडेच्या आणि आढ्याच्या ओळीत स्क्रू दाट हवेत. दोन पत्र्यांची आडवी चढण सहा इंचांपेक्षा कमी नको. उतार पाच फुटाला किमान एक फूट, जास्त असेल तर उत्तम. जुन्या गवती घरांचा उतार एवढा उभा का होता, ते इथल्या आषाढात राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

चौथी चूक दिसत नाही. पत्र्याची कड भिंतीत घुसवून वर सिमेंटचा माल थापतात. ओलं सिमेंट जस्ताला खातं. दोन वर्षांनी नेमकी तीच रेघ सडते आणि भिंतीवरून ओघळ येतो. तिथे वेगळी पट्टी बसवून पाणी बाहेर काढायचं असतं.

आणि वेल्डिंग. कैच्या जोडताना पाइपवरचं जस्त किंवा रंग जळतो. त्या जागी नुसता रेड ऑक्साइडचा फराटा मारून भागत नाही. आधी वरची खपली तारेच्या ब्रशने काढायची, मग जस्त भरपूर असलेला प्रायमर, मग रंग. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या ज्यांनी नीट पाहिल्या असतील त्यांना ते पटेल. हजारो हातांनी घासलेली कठड्याची दांडी गुळगुळीत असते. गंज धरतो पायरीच्या जोडाला आणि खडकात रोवलेल्या बुंध्याशी, जिथे पाणी थांबतं. पाइपचं टोक उघडं ठेवलं तर पाणी आत शिरतं आणि पाइप आतून कुजतो, बाहेरचा रंग मात्र नवा. टोकाला झाकण, खांबाखाली जमिनीपासून वितभर उंच काँक्रीटचा ओटा, आणि त्या ओट्याला बाहेर उतार. एवढ्यावर दहाएक वर्षं वाढतात.

स्लॅबमधली सळई

काँक्रीटमधली सळई रंगाशिवाय टिकते, कारण सिमेंट तीव्र अल्कलीयुक्त असतं आणि त्यामुळे सळईवर एक अदृश्य रक्षक पापुद्रा धरतो. सळई आणि काँक्रीट उष्णतेने जवळजवळ सारखेच फुगतात, म्हणून त्यांची जोडी जमते. पण काँक्रीट पोकळ राहिलं, किंवा सळईखालचं आवरण पातळ पडलं, की पाणी आणि हवा आत पोचते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो आणि स्लॅबची खपली पाडतो. स्लॅबला किमान २० मिलिमीटर आणि खांबाला ४० मिलिमीटर आवरण पाहिजे. त्यासाठी सळईखाली सिमेंटचे ठोकळे ठेवायचे असतात. दगडाची चिप किंवा सळईचा तुकडा नव्हे. पावसाळी भागात आवरण थोडं जास्तच ठेवलेलं बरं.

ऊन आणि आवाज

पत्र्याच्या घराबद्दल आमच्या आजीचं म्हणणं एकच होतं: “पाऊस थांबला बाबा, पण झोप गेली.” पत्रा उष्णता विटेच्या कितीतरी पट वेगाने आत सोडतो आणि आषाढसरींचा ताशा डोक्यावर वाजवतो. लहान मुलं, आजारी माणसं, परीक्षेची पोरं यांना हा त्रास खरा आहे, आणि तो सोसायला लावणारं घर शाश्वत म्हणवत नाही.

उपाय महाग नाहीत. पत्र्याखाली वितभर पोकळी सोडून बांबूच्या चटईचं किंवा कारवीच्या ताट्याचं छत घालावं, आणि आढ्याशी गरम हवा निघून जायला फट ठेवावी. पांढरा किंवा फिका रंग गडद निळ्यापेक्षा बराच थंड राहतो. भिंती मातीच्या किंवा विटेच्या जाड ठेवाव्यात. सांगाडा पोलादाचा आणि भिंत कुडाची, हे घर मला या डोंगराला सर्वांत जास्त शोभणारं वाटतं. लांब अंतर तोलायला पोलादासारखं काही नाही. गारवा द्यायला मातीसारखं काही नाही. पडवी मात्र रुंद हवी, म्हणजे पागोळ्या कुडावर उडणार नाहीत.

सिमेंटचा जुना पत्रा काढून लोखंडी घालणाऱ्यांनी एक जपावं. त्या जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तो फोडू नये, कापू नये. ओला करून अखंड उतरवावा, कारण त्याचे धागे श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात.

खाणीकडची बाजू

पोलादाचा एक खर्च धुराड्यात मोजला जात नाही. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात लोखंडाची खाण आहे. तिथला मुलूख माडिया गोंडांचा, डोंगर त्यांच्या देवाचा, आणि खाणकामाला तिथल्या ग्रामसभांनी वर्षानुवर्षं विरोध केला आहे. राजूरच्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांना हे समजायला वेळ लागू नये. धरणासाठी जमीन देणं म्हणजे काय, हे भंडारदरा आणि निळवंड्याच्या काठावर माहीत आहे. आपल्या छपरावरचा पत्रा दहा वर्षं जास्त टिकवला तर कुणाच्या तरी डोंगरातून तेवढी माती कमी निघते. जागतिक पोलाद संघटनेच्या हिशोबाने एक टन भंगार वापरलं की १.४ टन खनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो.

नटबोल्टचा गोठा

जुना पत्रा एकदम भंगारात जात नाही, हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलं आहे. घरावरचा उतरला की गोठ्यावर, गोठ्यावरचा कोंबड्यांच्या खुराड्यावर, तिथून कुंपणाला, आणि अगदी शेवटी भंगारवाल्याच्या काट्यावर. प्रत्येक टप्प्यावर वितळवण्याची वीज वाचते. सांगाड्याला मात्र हे भाग्य मिळत नाही, कारण तो वेल्डिंगने कायमचा जोडलेला असतो. उतरवायचा तर गॅसकटरने तुकडे पाडावे लागतात, आणि तुकड्यांना भंगाराचाच भाव.

आमच्या शेजाऱ्यांनी गोठा नटबोल्टवर उभा केला होता. वेल्डर सांगत होता, “दाजी, वेल्डिंग स्वस्तात होतं, नटबोल्टला भोकं पाडायला दिवस जातो.” दाजींनी तो दिवस दिला. बारा वर्षांनी भावाभावांत वाटण्या झाल्या आणि गोठा ओढ्याच्या पलीकडे न्यायची वेळ आली. चार माणसं, दोन पाने आणि एक शिडी. अँगलवर खडूने आकडे टाकले, पत्रे सुतळीने बांधून डोक्यावरून नेले. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हशी नव्या जागी त्याच गोठ्यात बांधल्या होत्या. नवीन आणावे लागले ते थोडे बोल्ट आणि सगळे वायसर.